रिकाम्या घराची चौकट

रस्त्यात वाकडा खिळा दिसला की उमरग्याचा बब्रुवान गुत्तेदार थांबायचाच. वाकून उचलायचा, धोतराला पुसायचा आणि कनवटीला लावायचा. चारचौघांची त्याला लाज नव्हती. असले वाकडे खिळे दगडावर ठोकून सरळ करत त्यानं सहा पडकी घरं उभी केली होती आणि सहाच्या सहा नफ्यात विकली होती. लोक मागून हसायचे, आणि घर घ्यायची वेळ आली की पटका सारखा करून त्याच्याच दारात यायचे.

निजामाचं राज्य जाऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. सोलापूर-हैद्राबाद सडकेवर मालमोटारींची रीघ लागली होती, उमरग्यात आडत वाढली होती, आणि आसपासच्या खेड्यांतल्या बऱ्या घरच्या माणसांना सडकेच्या गावात आपलं एक घर असावं असं वाटू लागलं होतं. उलट गावातलं कुणी नोकरीपायी हैद्राबादेत अडकलेलं, कुणी भावकीच्या भांडणाला विटलेलं. ते आपलं पडकं घर येईल त्या किमतीला द्यायला बसलेलं. बब्रुवान असलं घर घ्यायचा, तीन महिन्यांत नीटनेटकं करायचा आणि विकून मोकळा व्हायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण घेताना सगळेच शहाणे असतात, माणूस बुडतो तो मधल्या तीन महिन्यांत. एक भिंत उतरवावी तर शेजारची पोट काढते. एक खांब बदलावा तर वरची तुळई मान टाकते. आणि गवंडी रोजावर ठेवला असेल तर त्याची तंबाखू मळून होता होता सूर्य मावळतो.

बब्रुवानचा गवंडी रोजावर नसायचाच. सगळं काम गुत्त्यानं, आकडा आधी ठरवून. आणि सामान? "घराचं घरालाच लावायचं," हा त्याचा मंत्र. मागच्या पडवीचे वासे पुढच्या सोप्याला, न्हाणीचा दगड पायरीला, मोडक्या कणगीच्या फळ्या माळवदाला. त्याचा सुतार रसूल मिस्त्री थट्टेनं म्हणायचा, "मालक, एक दिस तुमी घराची सावलीबी काढून दुसऱ्या घराला लावचाल." सुतारकामात रसूलचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता, म्हणून त्याची थट्टा बब्रुवान ऐकून घ्यायचा.

तरीही जे लाकूड बाहेरून घ्यावंच लागायचं, ते घेण्याची त्याची तऱ्हा सगळ्यांहून न्यारी होती. तो माल बघायचाच नाही. आधी भाव, मग नजर. "माल बघितला की डोळं बोलत्यात, आन् डोळं बोललं की इकणारा चढतो," असं त्याचं म्हणणं. बांधलेल्या मालावर बोटाच्या पेरानं टकटक करायची, कान लावायचा आणि काहीही ऐकू आलं तरी तोंड वाकडं करून म्हणायचं, "किडकं हाय." लाकूड कुठल्या गावचं, हेही तो विचारायचा नाही. "गाव इचारलं की नातं निघतं, नातं निघालं की च्या निघतो, आन् च्या प्याल्यावर भाव कसा पाडायचा?"

एवढ्या सगळ्या बेरकीपणात एक गोष्ट मात्र तोही पाळायचा, कारण ती त्याची नव्हती, त्या सगळ्या मुलखाची होती. घराची पुढली चौकट आणि उंबरा, घरात माणूस नांदतं आहे तोवर उपटायचा नाही. खांब विका, तुळया विका, दाराच्या फळ्या विका, कोण काही म्हणत नाही. चौकट निघते ती घरातलं शेवटचं माणूस गेल्यावर. म्हणून जुनी चौकट विकायला आली की घेणारा एकच विचारतो, रिकाम्या घराची आहे ना? आणि 'होय' म्हटल्याशिवाय हात लावत नाही.

चैत्रात अणदूरहून धोंडीबा तेली बाजाराला आला, त्यानं निरोप आणला. बब्रुवानची थोरली बहीण तुळजाबाई अणदूरला बापाच्या घरात एकटीच राहायची. धोंडीबा म्हणाला, "आक्का म्हणत्यात, सोप्यावरल्या दोन तुळया गेल्या. मृगाच्या आत बसल्या न्हाईत तर माळवद डोक्यावर येतंय. पन्नास रुपयं आन् रसूलमिस्त्रीला दोन दिस धाडून दे."

बब्रुवान त्या वेळी चुन्याच्या घाणीपाशी उभा होता. त्यानं मनात हिशेब केला, आणि तो हिशेब सख्ख्या भावाचा नव्हता, गुत्तेदाराचा होता. अणदूरचं घर तीन खणांचं. घेणारं कोण? कुणी नाही. म्हणजे त्यात घातलेला रुपया मातीत. शिवाय रसूलला दोन दिवस सोडलं तर इथलं काम अडतं.

"टेकू दे म्हणावं तुळयांना," तो म्हणाला. "पैसा सगळा ह्या घरात गुतलाय. ह्ये इकलं की बघू. आन् घराचं घरालाच लाव म्हणावं, काय तरी जास्तीचं आसंलच की घरात."

धोंडीबानं मान डोलावली आणि गेला. रसूल रंधा मारता मारता थांबला होता. "मालक, दोन दिसांत येतो की म्या जाऊन," तो म्हणाला. बब्रुवाननं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

त्याला घाई होती ती कल्याणप्पा आडत्याची. हातातलं घर कल्याणप्पाला पसंत पडलं होतं, अक्षय तृतीयेला तो राहायला येणार होता. फक्त त्याची एक अट होती. "आत काय बी आसू दे गुत्तेदार, पुढची चौकट नक्षीची पाहिजे. आलेल्या पावण्यानं चप्पल काढायच्या आधी चौकट बघावी." आणि त्या घराची मूळ चौकट वाळवीनं पोखरून पापडासारखी झालेली. नवी नक्षीदार सागवानी करायची म्हणजे दीडशे रुपये. ते दीडशे रुपये बब्रुवानच्या घशाखाली उतरत नव्हते. त्यानं चौकटीसाठी चार गावच्या लाकूडवाल्यांना सांगून ठेवलं आणि वाट बघत बसला.

तृतीयेला आठ दिवस उरले असताना सकाळी एक मालमोटार सडकेला थांबली. तिच्यातून एक काळा, लुकडा माणूस उतरला आणि पाठोपाठ पोत्यात गुंडाळून काथ्यानं बांधलेला एक लांबलचक भारा उतरला. दोन हमालांनी तो घरासमोर आणून टाकला. माणूस म्हणाला, "म्या बिराप्पा. जुनं लाकूड इकतो. चौकट हाय, सागवानी, नक्षीची. सोडून दावू का?"

"नको सोडू," बब्रुवान म्हणाला. "आधी भाव बोल."

"साठ."

बब्रुवान वाकला, पोत्यावरून पेरानं टकटक केली. आवाज असा आला की आतल्या आत त्याला उकळ्या फुटल्या. घंटेसारखं लाकूड! त्यानं तोंड आंबट केलं.

"किडकी हाय."

"धनी, न बघताच?"

"लाकूड कानानं बघायचं आसतं. आतनं पोकळ वाजतंय. बारा घे."

बिराप्पाचा चेहरा पडला. "आवं, मालकिणीनं साठ सांगितल्यात. गुत्तेदाराला लाकूड कळतं, त्यो बरोबर भाव देईल म्हणली म्हणून एवढ्या लांब आलो."

"मालकिणीला काय, तिनं शंभर सांगावं. किडक्या लाकडाला म्या पैसं देऊ का वाळवीला?"

परतीची मोटार सुटायच्या बेतात होती, चालक भोंगा वाजवत होता. भारा परत न्यायचा तर भाडं कोण देणार? बिराप्पा चाळिसावर आला, तिसावर आला आणि शेवटी बावीसवर गप्प झाला. बब्रुवान पैसे मोजत असताना रसूलनं विचारलं, "चौकट रिकाम्या घराची हाय न्हवं, भाऊ?"

बिराप्पानं क्षणभर मोटारीकडं बघितलं. "रिकामंच घर हाय की. कुणी न्हाय त्यात," तो म्हणाला, पैसे मुठीत धरले आणि धावत जाऊन मोटारीत चढला.

बब्रुवान त्या दिवशी दुपारी दोन भाकरी जास्त जेवला. दीडशेचं काम बावीसमध्ये! बायकोला, द्वारकाबाईला, त्यानं दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगायला लागला तेव्हा ती उठून भांडी घासायला गेली.

जेवून परत आला तेव्हा रसूलनं भारा सोडला होता. दोन्ही बाह्या आणि उंबरा भिंतीला टेकवून ठेवले होते, आणि वरची पट्टी मांडीवर घेऊन तो ओल्या फडक्यानं पुसत होता.

"मालक, किडकी म्हणं!" रसूल हसला. "तुमचं तोंड हाय का काय! पन्नास वर्सं काय व्हायचं न्हाय हिला. बघा की, मधी गणपती, दोन अंगाला दोन पोपट. पण कुण्या येड्यानं ह्या पोपटाची चोच मोडून लाल लाख लावल्याय. खरवडून काढू का?"

बब्रुवाननं बघितलं.

डावीकडचा पोपट. लाकडी चोच अर्धी गेलेली आणि तिथं लाखेची बसवलेली, बोटाचा ठसा उमटलेली, लाल चोच.

तो सात वर्षांचा असताना त्याच्या विटीनं ती चोच मोडली होती. बापानं दोन वर्षांची ज्वारी विकून ती चौकट करून घेतली होती, आणि बापाचा हात मोठा जड होता. आक्का तेव्हा सोळा वर्षांची, नवरा जाऊन माहेरी परतलेली. लग्नातल्या चुड्यातली एक लाखेची बांगडी तिनं उतरंडीच्या तळाशी लपवून ठेवली होती, कुणाला म्हणून ठाऊक नव्हती. ती तिनं काढली, चुलीवर वितळवली आणि बाप रानातून यायच्या आत पोपटाला चोच बसवली. तिचं बोट भाजलं होतं. पुढं पटकीच्या साथीत माय आणि बाप एका आठवड्यात गेले, आणि त्याच भाजलेल्या बोटाच्या हातानं तिनं बब्रुवानला वाढवलं, लग्न लावून दिलं, उमरग्याला धंद्याला पाठवलं.

"मालक?" रसूल म्हणाला. "खरवडू का?"

बब्रुवान लाकडाच्या ढलप्यांत मटकन खाली बसला. रसूल पट्टी ठेवून धावला, त्याला वाटलं मालकाला विंचू चावला.

"रसूल," बब्रुवान मोठ्या कष्टानं म्हणाला, "रिकामं घर म्हणला न्हवं त्यो?"

"व्हय."

"माझ्या आक्काचं घर हाय ते."

रसूलचा हात तोंडावर गेला. चौकट निघाली म्हणजे काय, हे त्याला वेगळं सांगायला नको होतं. घरातलं शेवटचं माणूस गेलं. त्यानं कामावरचा एक माणूस मोटारथांब्याकडं पळवला, पण बिराप्पाला जाऊन दोन तास झाले होते. तो माणूस हात हलवत परत आला.

बब्रुवान एकाएकी उठला. चुना कालवलेल्या पाण्याची घागर होती, ती उचलून त्यानं धोतर-सदऱ्यासकट डोक्यावर पालथी केली. मरणाची बातमी कळली की अंगावर पाणी घ्यायचं, एवढंच त्याला सुचलं. पाणी पांढरं होतं. ते गालांवरून, मिशांवरून ओघळत राहिलं.

"मालक, आदी जाऊन तर बघा," रसूल त्याचा दंड धरून म्हणाला. "अल्ला रहम करंल. जाऊन बघा."

"काय बघू? राख?" बब्रुवान ओरडला. "मला कुणी कळवलंबी न्हाय रं! भावकीनं जाळलं आन् चौकट इकली, आन् ती म्या घेतली. म्याच घेतली!"

सडकेवर पहिली मिळाली त्या मालमोटारीत तो चढला. अणदूर दोन-अडीच तासांवर, पण मोटार भुईमुगाच्या पोत्यांनी भरलेली, चढाला रडत होती. चालकानं एकदा विचारलं, "कुणी वारलं का?" बब्रुवाननं मान हलवली. मग चालकानं विडी पुढं केली, ती त्यानं हातात घेतली आणि पेटवलीच नाही.

माळवद पडलं असणार. दुसरं काय? बरी होती की ती, चैत्रात निरोप धाडण्याइतकी खमकी होती. दोन तुळया गेल्या म्हणाली होती. माळवदाची ती हातभर जाडीची माती, वर्षावर्षाला वर नवी टाकत गेलेली, ती झोपेत तिच्या अंगावर आली असणार. पन्नास रुपये! पन्नास रुपयांचा आणि रसूलच्या दोन दिवसांचा प्रश्न होता. आणि आपण काय सांगितलं? टेकू दे. आजवर त्यानं कित्येक घरांचा हिशेब केला, कुठलं घर किती खाईल हे त्याला बोटावर सांगता यायचं. बहिणीचं घर बहिणीलाच खाईल हे त्याला सांगता आलं नाही. त्याला स्वतःचा असा संताप आला की धावत्या मोटारीतून उडी टाकावी.

अणदूरच्या थांब्यावर उतरला तेव्हा उन्हं कलली होती. हॉटेलवाला भजी तळत होता. "काय गुत्तेदार, लई दिसानं!" म्हणून तो हसला. बब्रुवानला वाटलं, काय हे लोक! मेलेल्या घरच्या माणसाला हसून रामराम घालतात. 'आक्का कधी गेली' असं विचारायला त्याची जीभ वळेना. तो तसाच गल्लीत शिरला.

घर उभं होतं. पण पुढल्या भिंतीत चौकटीच्या जागी नुसतं भगदाड होतं, दात पाडल्यासारखं, आणि त्यावर पोतं टांगलेलं. बब्रुवाननं पोतं सारलं आणि उंबऱ्यावरून टाकायचा म्हणून पाय उचलला. उंबरा नव्हता. पाय पोकळीत पडला आणि तो आत भेलकांडला.

आत कुणी नव्हतं. अर्ध्या सोप्यावर नवी बाभळीची तुळई बसलेली दिसली, उरलेल्या अर्ध्यात जुनी तुळई वाकून टेकूवर रेललेली. तेवढ्यात वरून धप् धप् असा आवाज आला आणि त्याच्या डोक्यावर पांढरी माती भुरभुरली. म्हणजे भावकी माळवद फोडत होती! चौकट विकून पोट भरलं नाही, आता तुळया काढायला चढले!

"कोण हाय रं वर?" तो गरजला. "उतरा खाली, मुडदा पाडीन एकेकाचा!"

धप् धप् थांबलं. बब्रुवान शिडीवरून दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर चढला आणि माळवदावर डोकं काढलं.

लुगड्याचा काष्टा मारून, गुडघ्यापर्यंत पांढऱ्या मातीनं माखलेली तुळजाबाई हातात चोपणं घेऊन उभी होती. नव्यानं पसरलेली माती ती एकटीच चोपत होती.

"कोण? बाबू?" ती डोळ्यांवर हात धरून म्हणाली. "मुडदा कुणाचा पाडतोस? आन् आंगावर चुना कशाचा रं?"

बब्रुवान शिडीवरच थिजला. डोळे उघडे, तोंड उघडं, एक हात शिडीला, एक हवेत. "आक्का, तू हाईस?" एवढंच तो म्हणाला.

"न्हाय तर काय माझं भूत माळवद चोपतंय?"

तो वर आला आणि तिचे मातीचे पाय धरून पोरासारखा रडायला लागला. तुळजाबाईला काही कळेना. तिनं चोपणं बाजूला ठेवलं, त्याच्या वाळून कडक झालेल्या सदऱ्याला हात लावून बघितला, त्याच्या केसांतला चुना झाडला. तो रडता रडता तुटक तुटक सांगत गेला, चौकट, पोपट, रिकामं घर, घागर. ऐकता ऐकता ती हसायला लागली आणि मग हसायची थांबली.

"म्या मेले म्हणून आलास व्हय," ती म्हणाली. "जित्ती हुते तवा निरोप धाडला हुता."

बब्रुवान तिच्या पायांवरली माती पुसत राहिला.

"पर आक्का," त्यानं विचारलं, "माणूस घरात आसताना चौकट? लोक काय म्हणत्याल?"

"म्हणत्यात की. सगळी गल्ली नावं ठेवतीया. पर माळवद पडून मेल्यावर चौकट निघायची, त्यापरीस चौकट काढून जगलेलं बरं न्हवं का?" ती मातीतच मांडी घालून बसली. "आन् तूच धाडलास की निरोप. घराचं घरालाच लाव, काय तरी जास्तीचं आसंल. म्या सगळं घर धुंडाळलं बाबू. जात्यापासनं उतरंडीपातूर. जास्तीचं दुसरं काय बी निघालं न्हाय."

बब्रुवानचा मंत्र बहिणीनं अक्षरशः पाळला होता.

"मग माझ्याकडंच का धाडलीस? आन् नातं का न्हाय सांगितलंस त्या बिराप्पाला?"

"नातं सांगितलं आसतं तर त्यानं तुझ्याकडनं शंभर काढलं आसतं," ती म्हणाली. "तुझा पैसा त्या घरात गुतलाय म्हणलास न्हवं? तुला चौकट पाहिजे हुती, गावोगाव सांगून ठिवलं हुतंस, धोंडीबानं सांगितलं. बाजारात दीडशेला पडंल म्हणं. म्या म्हणलं साठ लई झालं. दोन तुळया आन् माणसांची मजुरी भागती. आन् चोच बघितली की तुला कळंलच, म्हणलं, कुणाची हाय ती."

ती बोलायची थांबली. तिचा चेहरा एकदम कडक झाला.

"पर त्यो बिराप्पा लबाड निघाला बघ. दुपारी आला आन् सतरा रुपयं हातावर ठिवलं. म्हणतो, गुत्तेदारानं बावीसच दिलं, पाच माझं. म्हणतो, गुत्तेदार म्हणला चौकट किडकी हाय, आतनं पोकळ हाय. म्या म्हणलं, भाड्या, खोटं बोलतोस. माझा बाबू लाकडातला माणूस हाय. आन् बापाच्या चौकटीला त्यो किडकी म्हणंल? वर मला नागवून माझ्याच भावाला बट्टा लावतोस?" तिचा आवाज चढला. "सगळी गल्ली गोळा केली म्या. चोर म्हणून त्याच्या अंगावर लोक गेलं. रडला बाबा, शपता घेतल्या. माणसांनी सकाळीच एक तुळई बसवली हुती. सतरात तेवढीच भागली, दुसरी ती परत घिऊन गेली. आता त्याला खंडोबाच्या देवळात बसवून ठिवलाय. चार माणसांम्होरं भंडारा उचलून शपत घे म्हणलंय, दिवा लागायच्या आत."

तिनं पदराची गाठ दाखवली. गाठीत पिवळं दिसत होतं.

"बरं झालं आलास," ती म्हणाली. "आता तूच सांग त्याच्या तोंडावर. किती दिलं हुतंस?"

गावातून गुरं परतल्याच्या घंटा ऐकू येत होत्या. बब्रुवान आयुष्यात शेकडो आकडे बोलला होता, खरे, खोटे, फुगवलेले, पाडलेले. चाळीस म्हणावं, त्याच्या मनात आलं. साठ म्हणावं. वाटेतच बिराप्पाला गाठून पैसे हातात दाबता येतील, त्याचं तोंड गप्प करता येईल. हिशेब होता होता त्याला बहिणीचं बोट दिसलं, गाठ धरलेलं, टोकाला भाजल्याची गुळगुळीत खूण असलेलं.

"बावीस," तो म्हणाला.

तुळजाबाई त्याच्याकडं बघत राहिली.

"न बघता घेतली, आक्का. म्या बघत न्हाय माल. आधी भाव..."

"आन् किडकी?"

"म्याच म्हणलो."

ती किंचाळली असती, रडली असती तर बरं झालं असतं. माळवद खचल्यावरही जी बाई डगमगली नव्हती, ती हात मातीला टेकून बसून राहिली, आणि ज्याला वाढवलं त्याच्याकडं अनोळखी माणसाकडं बघावं तसं बघू लागली. बब्रुवानला आजचा दिवसभरचा धक्का काहीच वाटला नाही त्यापुढं. दुपारपासून त्याला वाटत होतं की बहीण गमावली. गमावायची ती आत्ता, डोळ्यांसमोर, जिवंतपणी गमावत होता.

"गरिबाला म्या चोर म्हणलं," ती हळूच म्हणाली. "गावाम्होरं."

मग तिनं पदराची गाठ सोडली. भंडारा मुठीत घेतला आणि मूठ त्याच्यापुढं धरली.

"ह्यो त्याच्यासाठी आणला हुता. आता कुणाच्या हातावर घालू?"

बब्रुवाननं तळहात पुढं केला. तिनं भंडारा त्यावर ओतला, एक कण न सांडता, आणि त्याची बोटं आपल्या हातानं मिटवली.

"हितं मला सांगून भागायचं न्हाय," ती म्हणाली. "देवळात, चार माणसांत बोलायचं. बावीस दिलं, आन् किडकी म्याच म्हणलो म्हणून. मग बिराप्पाला हिकडं जेवाय घिऊन ये. तुळईचं उद्या बघू."

ती शिडी उतरून पुढं झाली. बब्रुवान मूठ मिटून, एका हातानं शिडी धरत मागून उतरला. दारातलं पोतं तिनं बाजूला सारलं आणि नसलेल्या उंबऱ्यावरून सवयीनं पाय उचलून बाहेर टाकला.